उजेड डोळ्यांना सहनच होत नाही : कारणं, तपासण्या आणि रोजचं कसं निभावायचं

सांजवेळ
नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी काढतेच. मला उजेड सहन होत नाही. ऊन तर नाहीच, पण ऑफिसमधली ट्यूबलाइट, कोणाच्या मोबाईलचा फ्लॅश, पांढरीशुभ्र एक्सेल शीट, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे हेडलाइट, काहीही चालत नाही. डोळे आपोआप बारीक होतात, पाणी येतं आणि थोड्या वेळाने डाव्या भुवईच्या वर ठणका सुरू होतो. दुपारी टेबलावरच्या काचेवर ऊन पडतं ना, ती चकाकी नजरेच्या अगदी कडेला असली आणि मी तिकडे बघत नसले तरी टोचत राहते. डोळे लाल नाहीत. चष्म्याचा नंबर तपासला, तो तोच आहे. घरचे म्हणतात सवय होईल, ऑफिसमधले म्हणतात एवढ्याशा उजेडाने काय होतंय. आता मी खोलीचे पडदे लावून बसायला लागलेय आणि मला वाटतंय की त्याने उलट वाढतंय.

हा डोळ्यांचा प्रॉब्लेम आहे का डोक्याचा, आधी कोणत्या डॉक्टरकडे जायचं, आणि तोवर रोजचं काम कसं करायचं? अनुभव असलेल्यांनी आणि जाणकारांनी प्लीज लिहा.

रानवारा
सेम पिंच. मला तर सुपरमार्केटमध्ये त्या ओळीने लावलेल्या दिव्यांखाली गेलं की गरगरायलाच लागतं. वाचतोय.

पारदर्शी
सांजवेळ, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज असे पेशंट बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथे लिहिलेलं वाचून निदान होत नाही, डोळा प्रत्यक्ष बघावाच लागतो, हे आधीच सांगते.

उजेड सहन न होणं हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे, आणि ते तीन ठिकाणांहून येऊ शकतं. डोळ्याच्या पृष्ठभागावरून, म्हणजे कोरडेपणा, ओरखडा, कॉर्नियाचं (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचं) इन्फेक्शन. डोळ्याच्या आतून, म्हणजे आयरिसला, बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाला आलेली सूज. किंवा मेंदूकडून, ज्यात अर्धशिशी सगळ्यात जास्त वेळा सापडते, डोक्याला मार लागल्यानंतरही होतं. बऱ्याच जणांमध्ये यातली दोन कारणं एकत्र असतात आणि मग एकावर उपचार करून पूर्ण बरं वाटत नाही, पेशंट वैतागतो.

आता महत्त्वाचं, कधी थांबायचं नाही ते. ताप, जोरात डोकेदुखी, मान आखडलेली, उलट्या आणि त्यात उजेड नको होतोय तर थेट इमर्जन्सी, मेंदूज्वराची शक्यता असते, डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही. एक डोळा लाल, आतून दुखतोय, नजर धूसर, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. डोळा दगडासारखा कडक, दिव्याभोवती रंगीत वलयं, मळमळ, तर काचबिंदूचा अचानक आलेला झटका असू शकतो, त्यात तासातासाने नजर जाते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखायला लागला आणि उजेड सहन होईना तर लेन्स काढायची, परत घालायची नाही, आणि त्याच दिवशी दाखवायचं. डोळ्यात काही उडालं, केमिकल गेलं (यात तर आधी भरपूर पाण्याने धुवायचं आणि मग पळायचं), डोक्याला मार लागला, तरी तसंच.

तुझ्यात यातलं काही दिसत नाही, तरी नंबर तपासणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे गं. आधी नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पवर (बारीक झोत टाकून डोळा मोठा करून बघायच्या मशीनवर) पूर्ण तपासणी करून घे. डोळे साफ निघाले किंवा ठणका तसाच राहिला तर मग न्यूरॉलॉजिस्ट.

अबोली_
पारदर्शीताईंनी लाल डोळ्याचं लिहिलं त्यावरून माझ्या काकांचं सांगते, कारण हे सगळ्यांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. काकांचा उजवा डोळा लाल झाला, सगळे म्हणाले डोळे आलेत, मेडिकलमधून ड्रॉप्स आणले, दोन दिवस घातले. पण चिपडं नव्हती, खाज नव्हती, फक्त उजेड अजिबात नको आणि आत खोल दुखणं. आणि लाली पण सगळीकडे नव्हती, बुबुळाच्या कडेने जांभळट गोल होता. काकूंनी दुखणाऱ्या डोळ्यावर रुमाल धरून ठेवला होता आणि दुसऱ्या चांगल्या डोळ्यावर खिडकीचा उजेड पडला तरी काका "आई गं" करून ओरडायचे. हे बघून आम्ही चक्रावलोच, झाकलेला डोळा दुखतोय कसा?

नेत्रतज्ज्ञांनी मशीनवर हनुवटी टेकवायला सांगितली, बारीक तिरका झोत टाकला आणि म्हणाले आयरिसला सूज आहे, पुढच्या भागातल्या पाण्यात पेशी दिसतायत. मलाही त्या बाजूच्या नळीतून बघू दिलं, कवडशात धूळ तरंगते तसे बारीक ठिपके त्या झोतात तरंगत होते. मग त्यांनी विचारलं की सकाळी उठल्यावर कंबर आखडते का. आखडायची! कित्येक वर्षं. रक्ताची एचएलए बी२७ ची (अशा संधिवाताशी जोडलेल्या जनुकीय खुणेची) तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली आणि मणक्याच्या संधिवाताचं निदान डोळ्यामुळे झालं. स्टिरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी करणारे थेंब असे दोन्ही दिले, हळूहळू डोस कमी करत आणले, डोळा वाचला.

पारदर्शी
अबोली, खूप छान लिहिलंस, ती जांभळट कडा आम्ही मुद्दाम बघतो. झाकलेला डोळा दुखतो कारण एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदमच आकुंचन पावतात. सुजलेली आयरिस हलली की दुखणार, मग उजेड कुठल्याही डोळ्यात जाऊ दे. बाहुली मोठी करणारे थेंब त्यासाठीच असतात, स्नायूला विश्रांती मिळते आणि सुजलेली आयरिस मागच्या भिंगाला चिकटून बसत नाही. ती चिकटली तर पुढे डोळ्याचं प्रेशर वाढणं, मोतीबिंदू असं सगळं मागे लागतं.

आणि कृपा करून कोणीही मनाने स्टिरॉइडचे थेंब घालू नका. पहिल्या दिवशी लाली जाते, बरं वाटतं, आणि तोच धोका आहे. नागिणीच्या जातीतल्या हर्पिसच्या विषाणूने कॉर्नियाला जखम झालेली असेल तर ती स्टिरॉइडने पसरते. विनाकारण महिनोन्महिने घातले तर काचबिंदू होतो. घरात उरलेली जुनी बाटली "मागच्या वेळी लागू पडली होती" म्हणून दुसऱ्याला देऊ नका.

लोहगोल
एक ॲड करतो, मी फॅब्रिकेशनच्या कामात आहे. वेल्डिंग बघताना काच न लावता नुसतं शेजारी उभं राहिलं तरी होतं हे. त्या वेळी काहीच कळत नाही, सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकं मध्यरात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही आणि मोबाईलची स्क्रीन पण बघवत नाही. अतिनील किरणांनी कॉर्नियाचा वरचा थर भाजतो. साधारण एकदोन दिवसांत भरून येतो पण डॉक्टरला दाखवा. आमच्याकडे काही लोक बधिर करायचे थेंब मिळवतात आणि घालत राहतात, ते करू नका रे बाबांनो, त्याने जखम भरत नाही, कॉर्निया विरघळतो आणि डोळा कायमचा जातो.

झुळूक
मला एक विचारायचंय. मी घरात पण गॉगल लावते, नाहीतर किचनचा दिवा पण सहन होत नाही. चालेल ना?

गणिती_भुंगा
झुळूक, तुझ्या प्रश्नाचं उत्तर पारदर्शी जास्त चांगलं देतील, मी त्याच्या मागचं विज्ञान लिहितो कारण हा विषय मला प्रचंड आवडतो आणि अर्धशिशीमुळे स्वतः वाचलेला आहे.

शाळेत आपण शिकलो की डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात, रॉड आणि कोन. पण तिसरा एक प्रकार आहे. १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेत मेलानॉप्सिन नावाचं प्रकाश ओळखणारं प्रथिन सापडलं, मग ते माणसाच्या पडद्यातही सापडलं, आणि २००२ मध्ये दाखवलं गेलं की पडद्यातल्या काही थोड्या गँग्लियन पेशी (मेंदूकडे निरोप नेणाऱ्या) या प्रथिनामुळे स्वतःहून प्रकाशाला प्रतिसाद देतात. चित्र दिसण्यासाठी त्या मुख्यतः नसतातच. दिवस आहे का रात्र हे शरीराला सांगणं, बाहुली लहान करणं ही त्यांची कामं. आणि त्या सगळ्यात जास्त चेततात ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-निळसर हिरव्या प्रकाशाला.

आता गंमत बघा. २०१० मध्ये बोस्टनच्या रामी बर्स्टीन आणि रॉड्रिगो नोसेडा यांच्या गटाने अर्धशिशी असलेल्या अंध लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे डोळेच काढलेले होते किंवा डोळ्याची नस पूर्ण निकामी होती त्यांना अर्धशिशीचा झटका चालू असताना उजेडाने काहीच फरक पडत नव्हता. पण ज्यांना चित्र दिसत नव्हतं, रॉड-कोन खराब झालेले होते, मात्र उजेड-अंधार कळत होता, त्यांचं डोकं उजेडाने जास्त दुखायचं! मग त्यांनी उंदरांमध्ये तो मार्ग शोधला. पडद्याकडून आलेले धागे मेंदूतल्या थॅलॅमसच्या मागच्या भागात नेमक्या त्याच पेशींपाशी पोचतात, जिथे डोक्याच्या आवरणाकडून वेदनेचा निरोप येत असतो. म्हणजे उजेडाने वेदना वाढते ती खरोखर वाढते, तारा तिथे जोडलेल्या आहेत. सांजवेळ, तुला कोणी म्हणालं की एवढ्याशा उजेडाने काय होतंय, तर हे सांग त्यांना.

त्याच गटाने २०१६ मध्ये रंगावर काम केलं. झटका चालू असताना निळ्या, पिवळट, लाल आणि पांढऱ्या उजेडाने दुखणं वाढलं, अरुंद पट्ट्यातल्या हिरव्या उजेडाने सगळ्यात कमी, अगदी मंद हिरव्यात तर काहींचं थोडं कमी पण झालं. पण हा हिरवा म्हणजे बाकीचे रंग अजिबात न मिसळलेला, साधारण ५३० नॅनोमीटरचा. दुकानातला हिरवा बल्ब आणून तसंच होईल असं नाही.

रानवारा
जबरदस्त माहिती भुंगा. तो अंध लोकांचा भाग वाचून काटा आला अंगावर.

पारदर्शी
झुळूक, घरात गॉगल नको. का ते सांगते. अंधारात पडद्याची संवेदनशीलता वाढत जाते, पूर्ण वाढायला अर्धा तास लागतो, हे नॉर्मल आहे, सिनेमा बघून बाहेर आल्यावर सगळ्यांचे डोळे दिपतात ते याचमुळे. पण जो माणूस दिवसभर काळ्या काचेच्या मागे किंवा बंद पडद्याच्या खोलीत राहतो त्याचा डोळा कायमच त्या अंधाराला जुळवून घेतो. मग साधा घरातला दिवा पण झगझगीत वाटतो, म्हणून तो आणखी गडद काच घेतो. हे चक्र मी फार जवळून बघितलंय आणि त्यातून बाहेर यायला वेळ लागतो.

गॉगल एकदम काढून फेकायचा नाही, त्रास होईल. आधी मूळ कारण काय ते तपासून घ्यायचं, कारण डोळ्यात सूज असताना उजेडाची सवय करणं म्हणजे उगीच छळ आहे. उपचार सुरू झाले की घरातला गॉगल फिक्या काचेवर आणायचा, मग एका खोलीत काढायचा, मंद आणि अप्रत्यक्ष उजेडापासून सुरुवात करायची, दर आठवड्याला थोडं वाढवायचं. झटका असेल त्या दिवशी अंधाऱ्या खोलीत पडायला काहीच हरकत नाही, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. फक्त झटका गेल्यावर पडदे उघडायचे.

बाहेर उन्हात मात्र गॉगल जरूर लावायचा.

झुळूक
धन्यवाद ताई. अपॉइंटमेंट घेतलीय.

सांजवेळ
अपडेट देते. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांनी कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. पाच मिनिटांत ती पट्टी दहा मिलिमीटरच्या पुढे ओली व्हायला हवी म्हणे, माझी एका डोळ्यात जेमतेम चार झाली. मग नारिंगी रंगाची दुसरी एक पट्टी डोळ्याला लावली, निळा दिवा टाकला आणि पापणी मिटू नका म्हणाले. समोरच्या स्क्रीनवर माझाच डोळा दिसत होता, हिरवा चमकणारा थर, आणि मी धडपणे पाच आकडे मोजायच्या आत त्या थराला काळी छिद्रं पडायला लागली. अश्रूंचा थर तुटतोय असं त्यांनी दाखवलं, तो दहा सेकंद तरी टिकायला हवा. म्हणजे पाणी येत होतं तरी डोळे कोरडे! ते म्हणाले कोरड्या जागेवरच्या नसा उघड्या पडतात, टोचतं, म्हणून डोळा एकदम पाणी सोडतो, पण त्या पाण्यात तेल नसतं, ते गालावर ओघळून जातं.

पडदा, प्रेशर, आयरिस सगळं नॉर्मल. भुवईवरच्या ठणक्याचं वर्णन ऐकून त्यांनी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं आणि त्यांनी अर्धशिशी सांगितली. म्हणजे पारदर्शीताई म्हणाल्या तसंच, दोन्ही एकत्र. आता अर्धशिशीचं प्रतिबंधक औषध चालू आहे आणि डोळ्यात थेंब.

पारदर्शी
छान झालं. कोरडेपणासाठी थोडं सांगते. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागून घे, बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्वेटिव्ह वारंवार गेलं तर कॉर्नियालाच त्रास होतो. लाली घालवणारे थेंब वेगळे, ते घालू नकोस, बंद केले की लाली दुप्पट येते. पापण्यांच्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात, त्या तुंबल्या की असंच होतं, म्हणून कोमट ओल्या कापडाने पाच ते दहा मिनिटं शेक आणि मग पापणीच्या कडेकडे हलकं मालिश, रोज. एसीचा किंवा पंख्याचा झोत तोंडावर नको.

आणि पापण्या मिटणं. आपण एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटतो, स्क्रीनसमोर ते पाच-सातवर येतं आणि त्यातल्या कित्येक अर्धवट असतात. वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघायचं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या वीस सेकंदांत पापण्या पूर्ण मिटवून, किंचित दाबून, चार-पाच वेळा उघडझाप करा, खरा फायदा त्याचा आहे.

मनमौजी७७
एवढं सगळं कशाला, ब्लू कट ग्लास घ्या आणि मोकळे व्हा. मी तीन वर्षं वापरतोय, एकदम मस्त. सगळा त्रास निळ्या प्रकाशाचाच असतो.

गणिती_भुंगा
मनमौजी, तुम्हाला बरं वाटतंय ते चांगलंच आहे, पण सगळ्यांना सल्ला देताना जरा थांबू या. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा आला, १७ चाचण्या एकत्र करून बघितल्या, आणि स्क्रीनमुळे येणाऱ्या डोळ्यांच्या थकव्यावर साध्या काचेच्या तुलनेत ब्लू कटचा कमी मुदतीत फायदा दिसला नाही. कारण सरळ आहे, त्या जवळजवळ पारदर्शक काचा निळा प्रकाश फारच थोडा अडवतात, आणि स्क्रीनचा थकवा मुख्यतः पापण्या न मिटल्याने आणि सतत जवळ बघितल्याने येतो.

उजेडाच्या त्रासासाठी जी टिंट, म्हणजे काचेवरची रंगछटा, अभ्यासलेली आहे ती एफएल-४१. गुलाबीसर दिसते. ट्यूबलाइटचा त्रास होणाऱ्यांसाठी इंग्लंडमध्ये तयार झाली, ४८० च्या आसपासचा पट्टा बऱ्यापैकी कापते. १९९१ मध्ये अर्धशिशी असलेल्या मुलांवरचा एक छोटा अभ्यास आला होता, ही टिंट लावणाऱ्या मुलांचे झटके महिन्याला सरासरी ६.२ वरून १.६ वर आले. अभ्यास लहान आहे म्हणून मी ते आकडे छातीठोकपणे सगळ्यांना लागू करणार नाही, पण धोका कमी आणि घरात पण लावता येते, गॉगलसारखं सगळंच अंधारं होत नाही. पापण्या आपोआप गच्च मिटण्याचा त्रास असतो, ब्लेफरोस्पाझम, त्यात पण वापरतात. नावाखाली कुठलीही गुलाबी काच विकतात, त्यामुळे कोणती तरंगलांबी किती अडवते याचा आलेख मागून घ्या.

मनमौजी७७
ओके, हे माहीत नव्हतं. आलेख मागायचं लक्षात ठेवतो.

दिवेलागण
मी लाइटिंगचं काम करतो त्यामुळे घर-ऑफिसचं मी लिहितो, कारण लोक काचेवर खर्च करतात आणि डोक्यावरचा दिवा तसाच ठेवतात.

पहिलं म्हणजे उघडा बल्ब डोळ्याला दिसता कामा नये. भिंतीवर किंवा छतावर उजेड मारून तो परत येऊ द्या, दिव्यावर दुधी कव्हर घाला, एका मोठ्या झगझगीत दिव्याऐवजी दोन-तीन मंद ठेवा. २७०० केल्विनचा उबदार दिवा घ्या, ६५०० चा पांढरा-निळा नको. दुसरं म्हणजे फ्लिकर. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात. डोळ्याला जाणवत नाही पण काहींचं डोकं दुखतं. स्वस्तातल्या एलईडी पण करतात, आणि डिमर लावला की काही जास्तच करतात कारण डिमर दिवा मंद करत नाही, झपाट्याने चालू-बंद करतो. मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर टाकून दिव्याचं शूटिंग करा, जाड काळे पट्टे सरकताना दिसले किंवा दिवा धडधडताना दिसला तर तो बदला. रानवारा, सुपरमार्केटमध्ये तुमचं जे होतं त्यात हा एक संशयित आहे.

स्क्रीनचं पण तसंच. बऱ्याच ओएलईडी मोबाईलमध्ये ब्राइटनेस खूप कमी केला की फ्लिकर वाढतो, म्हणून ब्राइटनेस मध्यम ठेवून फोनमधलं एक्स्ट्रा डिम सेटिंग वापरून बघा. कॉम्प्युटरची स्क्रीन किती ठेवायची याची सोपी युक्ती, पांढरं पान उघडा आणि शेजारी पांढरा कागद धरा, स्क्रीन दिव्यासारखी पेटलेली दिसली तर जास्त आहे, करडी दिसली तर कमी. खिडकी पाठीशी पण नको आणि समोर पण नको, बाजूला हवी. टेबलावरची काच काढा, सांजवेळ, किंवा तिच्यावर मॅट कापड टाका.

डार्क मोड सगळ्यांना सूट होतोच असं नाही, सिलिंडरचा नंबर (कॉर्नियाच्या असमान गोलाईमुळे लागणारा) असलेल्या काहींना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरलेली दिसतात. त्यांनी फिकट करड्या बॅकग्राउंडवर काळी अक्षरं ठेवून बघावी.

सांजवेळ
दिवेलागण, स्लो मोशनचं आत्ता करून बघितलं. माझ्या डेस्कच्या बरोबर वरचा दिवा असा काही धडधडतोय की बस! शेजारचा एकदम स्थिर. उद्याच मेंटेनन्सला व्हिडिओ दाखवते.

चिमणघरटं
माझा मुलगा चार वर्षांचा आहे, उन्हात गेलं की एकच डोळा मिटतो, कायम डावाच. घरात काही नाही. हे उजेडाचंच ना?

पारदर्शी
चिमणघरटं, एकच डोळा उन्हात मिटणारं मूल आलं की आम्ही सगळ्यात आधी तिरळेपणा बघतो. काही मुलांचा डोळा फक्त लांब बघताना किंवा थकल्यावर बाहेरच्या बाजूला सरकतो, एरवी सरळ असतो म्हणून घरी लक्षात येत नाही, आणि उन्हात ते मूल तो डोळा मिटून घेतं. लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा नेऊन आण, घाबरण्यासारखं नाही पण टाळण्यासारखं पण नाही. त्याचा लांब बघतानाचा आणि थकलेला असतानाचा फोटो काढून ने, दवाखान्यात डोळा बऱ्याचदा सरळच राहतो.

तान्ह्या बाळांच्या आईबाबांसाठी वेगळं सांगते. बाळाच्या डोळ्यातून सतत पाणी, उजेडात डोळे गच्च मिटणं, तोंड फिरवून उशीत खुपसणं, आणि बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसणं, हे जन्मजात काचबिंदूचं लक्षण असू शकतं. "काय सुंदर मोठे डोळे आहेत" म्हणून कौतुक होत राहतं आणि वेळ जातो. त्यात ऑपरेशन लवकर झालं तर नजर वाचते. केस-त्वचा खूप फिकी आणि डोळे सारखे हलतायत, किंवा मूल दिवसा कमी आणि संध्याकाळी जास्त मोकळेपणाने वावरतंय, तरी दाखवा.

चिमणघरटं
फोटोची आयडिया चांगली आहे, घेतेच. खूप आभार.

लोहगोल
गॉगल घेताना काय बघायचं ते पण सांगा ना कोणी, दुकानात सगळे एकसारखेच दिसतात.

पारदर्शी
काच किती काळी आहे यावरून अतिनील किरण अडतात का हे कळत नाही. यूव्ही ४०० असं लिहिलेलं हवं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. नुसती काळी काच असेल आणि यूव्ही अडत नसेल तर बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत जाऊ शकतात. गडदपणाचे गट असतात, शून्य ते चार. तीन नंबरची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, उन्हासाठी ती पुरते. चार नंबरची ३ ते ८ टक्केच, ती बर्फ आणि उंच डोंगरासाठी, ती लावून गाडी चालवायची नाही. पाणी, ओला रस्ता, गाड्यांच्या काचा यांच्या चकाकीचा त्रास असेल तर पोलराइज्ड घ्या, फक्त त्यातून काही स्क्रीन काळ्या दिसतात हे लक्षात ठेवा. आणि बाजूने आणि वरून येणारा उजेड विसरला जातो, म्हणून चेहऱ्याला लपेटणारी फ्रेम आणि पुढे झाप असलेली टोपी. गोऱ्या त्वचेच्या आणि फिक्या डोळ्यांच्या माणसांना तर टोपीने फारच फरक पडतो.

अबोली_
मला अजून एक वाटतं, की हा त्रास बाहेरून दिसत नाही म्हणून माणूस एकटा पडतो. काका लग्नकार्याला जायचेच बंद झाले होते, फोटोग्राफरच्या लाइटमुळे. लोकांना वाटलं रागावलेत. घरच्यांनी एवढं जरी केलं ना, की खोलीत शिरताना दिवा फटकन लावायच्या आधी "लावू का" विचारलं, तरी त्या माणसाला केवढा आधार वाटतो. सांजवेळ, घरी हा धागा वाचायला दे.

सांजवेळ
दिला. आईने वाचला आणि लगेच माझ्या खोलीतला बल्ब बदलून उबदार लावला. खरंच खूप बरं वाटलं.

झुळूक
माझी अपॉइंटमेंट उद्या आहे. डॉक्टरांना काय काय सांगू? आणि आता घरात फोटोक्रोमिक काच घेतली तर? गाडीत पण चालेल ना ती?

पारदर्शी
फोटोक्रोमिक अतिनील किरणांनी काळी होते, गाडीची पुढची काच ते किरण अडवते, त्यामुळे बहुतेक फोटोक्रोमिक काचा गाडीत पुरेशा काळ्या होतच नाहीत. गाडीसाठी वेगळा गॉगल ठेव. रात्री मात्र कुठलीच रंगीत काच नको, पिवळी सुद्धा नाही, त्याने हेडलाइटचा त्रास तेवढा कमी होत नाही आणि रस्त्यावरचा माणूस उशिरा दिसतो. काचा आतून-बाहेरून स्वच्छ पुसून ठेव, अँटीरिफ्लेक्शन कोटिंग घे.

डॉक्टरांना सांगताना कधीपासून, एका डोळ्यात की दोन्हीत, दुखणं पृष्ठभागावर टोचल्यासारखं की आत खोल, सोबत डोकेदुखी-मळमळ-आवाज नको होणं असतं का, डोक्याला कधी मार लागला का, डोळ्याचं ऑपरेशन किंवा लेसर झालंय का, हे सांग. सगळ्या गोळ्यांची यादी ने. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात आणि बाहुली पण मोठी होऊ शकते. घरातला गॉगल किती वेळ लावतेस ते लपवू नकोस, आम्ही रागावत नाही. कधीकधी डॉक्टर बधिर करणारा एक थेंब घालून बघतात, त्याने टोचणं लगेच थांबलं तर त्रास पृष्ठभागाचा, तसंच राहिलं तर मागच्या नसांचा किंवा मेंदूचा विचार करतात, त्यामुळे थेंब घातल्यावर काय वाटतंय ते नीट लक्ष देऊन सांग.

आणि उद्या बाहुली मोठी करून पडदा तपासतील. त्या थेंबांचा परिणाम साधारण चार ते आठ तास राहतो, जवळचं धूसर दिसेल आणि उजेड नेहमीपेक्षा जास्त टोचेल, त्याला घाबरू नकोस. स्वतः गाडी चालवत जाऊ नकोस, कोणाला तरी सोबत ने, आणि गॉगल पर्समध्ये ठेव.

झुळूक
बहीण येतेय सोबत. आल्यावर लिहिते इथे.